तुझं घर भाड्यानं दिलं

प्रिय मुकुंदा,

पत्राच्या वर ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ लिहायला हात गेला होता, तो थांबला. तुला आता कसला आशीर्वाद द्यायचा? म्हणून नुसतं नाव लिहिलं.

काल तुझं घर भाड्यानं दिलं. किल्ली माझ्याच हातानं दिली. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून लिहायला बसले आहे. दुसरं कोण सांगणार आहे तुला, हे मला कळतं रे. पण तुला विचारल्याशिवाय तुझ्या घरातली खुर्चीसुद्धा हलवायची नाही, ही सवय लागली ती लागली.

अप्पा रेशनच्या दुकानात गेले आहेत. ते समोर असताना हे लिहिता आलं नसतं. ते वाचतील अशी भीती नाही, त्यांना नागरी अक्षर कुठे येतं? तुलाही यायचं नाही. घरात मलाच तेवढं येतं, तेही हिंदीच्या शिकवण्या घेत होते म्हणून. आपण तिघं आयुष्यभर घरात मराठी बोललो, पण चिठ्ठी लिहायची झाली की तुम्ही दोघं तमिळमध्ये लिहायचात. लहानपणी तुला पाटीवर तुझं नाव गिरवायला बसवलं होतं, आठवतं? “हे मी कुणाला दाखवू, आई? शाळेत कुणाला वाचताच येणार नाही,” म्हणालास आणि पाटी पुसून खेळायला पळालास. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आज बरं वाटतंय. मी जे लिहिणार आहे ते ह्या गावात कुणाला वाचता येऊ नये असंच आहे.

ते घर तू अप्पांच्या छातीच्या दुखण्यासाठी घेतलंस. इथून, ओरत्तनाडुहून, तंजावरच्या मेडिकल कॉलेजला पोचेपर्यंत बसमध्ये जीव जाईल त्यांचा, असं म्हणायचास. चेन्नईच्या कंपनीनं घरून काम करायची मोकळीक दिली तसा तू तंजावरात घरं बघत सुटलास. तिसरा मजला, लिफ्ट, पूर्वेकडे उघडणारी एक खोली, आणि हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. बांधणाऱ्यानं सांगितलं होतं, बाल्कनीतून मोठ्या देवळाचं शिखर दिसतं. राहायला गेल्यावर बाल्कनीतून काय दिसलं, तर शेजारच्या लग्नाच्या कल्याण मंडपाची पाण्याची टाकी! शिखर दिसायचं ते बाथरूमच्या खिडकीतून, तेही टाचा उंच केल्यावर. अप्पा रोज अंघोळ झाली की तिथूनच हात जोडायचे. तू बाहेरून दार वाजवायचास, “अप्पा, दर्शन झालं असेल तर मला आत येऊ द्या, मीटिंग आहे.” त्या दिवसांत मी स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच हसायचे. किती थोडे दिवस होते ते.

अप्पांच्या आजारासाठी घेतलेल्या घरात तूच आजारी पडलास. ते सगळं तुला माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, इथेच ठेवून घेऊ, आणि तू म्हणालास, “आई, इथला पंखा फार वाजतो. घरी जाऊ या.” पंखा वाजत होता हे खरंच. पण तू पंख्यासाठी बोलत नव्हतास, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आम्ही तुला घरी आणलं. सकाळची वेळ होती, पूर्वेच्या खोलीत ऊन आलं होतं. अप्पा तुला पेपर वाचून दाखवत होते, खेळाचं पान. पान उलटून त्यांनी तुझ्याकडे पाहिलं आणि पेपरची घडी घातली. मला हाक मारली नाही. मी कापीचा पेला घेऊन आत आले तेव्हा ते घडी घातलेल्या पेपरवर हात ठेवून बसले होते.

मग घराला कुलूप लावून आम्ही ओरत्तनाडुला परत आलो. वर्ष उलटलं तरी कुलूप तसंच. मी कधी विषय काढला की अप्पा म्हणायचे, बघू. अप्पा कधी विषय काढायचे तेव्हा मी म्हणायचे, बघू. असं बघता बघता एक दिवस सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. आपल्या स्वयंपाकघरातला नळ आतून गळत होता आणि खालच्या घराचं छत ओलं होऊन पोपडे पडायला लागले होते. त्यांनी रागानं नाही सांगितलं. म्हणाले, बाई, रिकाम्या घराचं असंच होतं, कुणीतरी राहायला हवं.

आम्ही जाऊन दार उघडलं. भिंतीला हिरवी बुरशी. दाराशी तुझे चामडी बूट होते तसेच, पण पांढरे झालेले, वर लोकर चढल्यासारखी. मी ते पदरानं पुसत बसले. अप्पा म्हणाले, “विकून टाकू.” मी म्हटलं, विकायचं नाही. विकलं तर दारावरची तुझ्या नावाची पाटी निघेल. ते म्हणाले, भाड्यानं दिलं तरी निघेल. मी म्हटलं, पाटी निघाली तरी घर राहील ना? अशी आमची तुझ्या घरात, तुझ्या बुटांसमोर भांडणं झाली. तू असतास तर कानात ते गाण्याचं यंत्र घालून खोलीत गेला असतास.

तेव्हा सेक्रेटरींनीच सेल्वमचं नाव सांगितलं. सेल्वम म्हणजे घरांचा दलाल. चाळिशीचा, कोपरात हेल्मेट अडकवलेलं, हातात दोन फोन. मला वाटलं होतं, हा आता घाई करील. तसं काही नाही. आमच्या दोघांचं दोन बाजूंना चाललेलं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, विकायचं तर विकू, भाड्यानं द्यायचं तर देऊ, एकदम मोठी ठेव घेऊन लीजवर घालायचं तर तेही करू. आधी भाडेकरू ठेवून पुढे त्यालाच विकता येतं. मन बदललं तर फोन करा. तुमची सोय ती माझी सोय. दर खेपेला ओरत्तनाडुहून यायचीही गरज नाही, किल्ली माझ्याकडे ठेवा, मी दाखवीन. त्यानंतर अप्पांचं मन बदललं, मग माझं, मग परत अप्पांचं. तो दर वेळी “परवाइल्ल, अम्मा” म्हणायचा. काही हरकत नाही. इतक्या दिवसांत आम्हाला काही हरकत नाही असं म्हणणारा तोच एक माणूस भेटला.

पण किल्ली त्याच्याकडे ठेवायला अप्पा तयार होईनात. कुणी घर बघायला येणार असलं की आम्ही सकाळच्या बसनं तंजावरला जायचो. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालायचे, जशी परीक्षा घ्यायला निघालेत.

पहिल्यांदा एक प्राध्यापक आणि त्याची बायको आली. तिला घर फार आवडलं. फ्रिज कुठे ठेवायचा, तेही तिनं ठरवून टाकलं. पूर्वेच्या खोलीत आली, हात लांब करून पलंगाची जागा मोजत होती, तेव्हा अप्पा म्हणाले, “आधी एक सांगायला हवं. माझा मुलगा ह्याच खोलीत गेला. चौतीस वर्षांचा होता.”

तिनं हात खाली घेतला. नवऱ्यानं फार वाईट झालं म्हणून सांगितलं, आजार कोणता तेही विचारलं. दोघं चांगली माणसं होती रे. पण चपला घालताना ती घराकडे पाठ करून उभी राहिली. पुन्हा त्यांचा फोन आला नाही.

नंतर एकानं लेकीसाठी विकत घ्यायचं म्हणून पाहिलं. त्यालाही अप्पांनी सांगितलं. तो हात जोडून उतरला, मी पुढे केलेलं पाणीही घेतलं नाही. सेल्वम अप्पांना म्हणाला, विचारलं तरच सांगा ना, सार. अप्पा म्हणाले, विचारल्यावर सांगितलं तर ते लपवून ठेवल्यासारखं होतं. त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. आयुष्यभर गणित शिकवलं. उत्तर बरोबर असलं तरी मधली पायरी गाळली म्हणून त्यांनी तुझेसुद्धा गुण कापले होते.

सेल्वमनं मला बाजूला घेऊन समजावलं. आपल्याकडे लोक घर घेताना हे बघतातच. म्हातारं माणूस गेलं तर कुणी काही म्हणत नाही. पण तरणा मुलगा, लग्न न झालेला, आणि घरातच! मग तो हळूच म्हणाला, “आस्पत्रीत झालं असतं तर काहीच प्रश्न नव्हता, अम्मा. घर क्लीन राहिलं असतं.”

मुकुंदा, खरं सांगते, त्या क्षणी मला तुझा राग आला. कशाला हट्ट केलास घरी यायचा? पंखा वाजत होता तर वाजू द्यायचा होता. मग राग आला तो माझाच. मी तेव्हा ‘थांब बाळा, इथेच बरं आहे’ असं म्हणू शकले असते का? नसते म्हणू शकले. आणि आता ज्या खोलीत तुला ऊन लागावं म्हणून आणलं, ती खोली लोकांना विटाळलेली वाटते.

सेल्वमच्या सांगण्यावरून रंग दिला, गणपतीचा होम केला. अप्पा आत आलेच नाहीत. जिन्यात पायरीवर बसून राहिले. शास्त्री म्हणाले, यजमानांना बोलवा. मी बोलवायला गेले तर म्हणाले, “तो काय भूत होता, धूर करून हाकलायला?” मी परत येऊन एकटीच होमात तूप घालत बसले. डोळ्यांत पाणी येत होतं, धुरामुळे असं शास्त्रींना वाटलं असेल.

होमानंतरही कुणी आलं की अप्पा सांगायचेच. लोक निघून जायचे. तेव्हा सेल्वमनं आणखी एक वाट काढली. म्हणाला, मेडिकल कॉलेजला औषधपाण्यासाठी लांबून येणारी माणसं असतात, त्यांना थोड्या महिन्यांसाठी घर हवं असतं. ती असलं काही विचारत बसत नाहीत. भांडीकुंडी, पलंग सगळं आहे तसं ठेवून देऊ.

पापनाशमच्या बाजूच्या एका खेड्यातून म्हातारा शेतकरी आला, बायकोला घेऊन. तिचे उपचार चालले होते. डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला, चेहरा पिवळा. अप्पांनी नेहमीसारखं सांगितलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “माणूस कुठल्या तरी घरातच जाणार, सार. त्यात घराचा काय दोष?” अप्पांनी त्याचा हात हातात घेतला. मी किती दिवसांनी त्यांना कुणाचा हात धरताना पाहिलं.

तेवढ्यात ती बाई पूर्वेच्या खोलीत जाऊन तुझ्या पलंगाच्या कडेला टेकली. दमली असेल, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टनं आली तरी दम लागतोच अशा माणसाला. तिला खोकला आला. भिंतीकडे तोंड करून, छाती एका हातानं दाबून ती खोकली. तू खोकायचास तसंच.

मी म्हटलं, हे घर द्यायचं नाही.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा म्हटलं, नाही द्यायचं. ती बाई लगबगीनं उठली, चादरीवरची सुरकुती हातानं सारखी केली आणि मला म्हणाली, “चुकलं, अम्मा, न विचारता बसले.” तिला वाटलं मी त्याबद्दल बोलते आहे. तिला सांगायला हवं होतं, तुझं काही चुकलं नाही गं, माझ्याच्यानं पुन्हा त्या खोलीबाहेर बसून हे ऐकवणार नाही. सांगितलं नाही. ते दोघं हळूहळू गेले. सेल्वम म्हणाला, “परवाइल्ल, अम्मा,” पण त्या दिवशी त्यानं ते माझ्याकडे न बघता म्हटलं.

ओरत्तनाडुला बसमधून उतरल्यावर अप्पा म्हणाले, “एकच माणूस खरं ऐकून राहायला तयार झाला होता. त्याला तू घालवलंस.” मग घराचं फाटक लावताना म्हणाले, “पुढच्या वेळी तूच बोल. मी तोंड उघडणार नाही.”

आणि खरंच, पुढच्या वेळी ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

ह्या वेळी आलं ते तरुण जोडपं. तो सरकारी नोकरीत, बदली होऊन तंजावरात आलेला. ती गरोदर, दिवस भरत आलेले. बरोबर त्याची आई. त्या मुलीला पाहून मला आधी वाटलं, ह्यांनाही नाही म्हणावं. पण खालच्या घरात पुन्हा ओल आल्याचा फोन आदल्याच आठवड्यात आला होता. सेल्वम आमच्यासाठी किती दिवस हेलपाटे घालत होता. आणि मलाही आता दर महिन्याला तुझे बूट पुसवत नव्हते.

त्याच्या आईनं सगळं घर पाहिलं. पाणी कसं येतं, देवघर कुठल्या दिशेला, सगळं विचारलं. मग पूर्वेच्या खोलीच्या दारात उभी राहून तिनं मला सरळच विचारलं, “ह्या घरात वाईट काही घडलेलं नाही ना, अम्मा? सून अशी आहे, म्हणून विचारते.”

सेल्वमनं मान खाली घालून फोनमध्ये काहीतरी बघायला सुरुवात केली. मी म्हटलं, “नाही. माझा मुलगा राहायचा इथे.”

“आता कुठे असतो?”

“बाहेर,” मी म्हटलं. “फॉरिनला.”

“कुठल्या देशात?”

मुकुंदा, मला एकाही देशाचं नाव आठवेना. जगात इतके देश आहेत, तुझ्या कंपनीतली मुलं कुठे कुठे गेली होती, तू नावं सांगायचास. ती बाई माझ्याकडे बघत होती.

तेव्हा बाल्कनीतून अप्पा वळले आणि म्हणाले, “कॅनडा.”

ती खूश झाली. तिच्या बहिणीचा मुलगाही कुठे तरी तिकडेच आहे म्हणाली. लग्न झालं का, विचारलं. अप्पा म्हणाले, नाही, करीन म्हणतो सावकाश, आजकालची मुलं ऐकतात कुठे? फोन करतो का? रविवारी करतो, म्हणाले अप्पा. कढीपत्ता मिळत नाही म्हणून कुरकुर करतो. तिथे आपला आपण स्वयंपाक करायला शिकलाय, आईला सांगतो, तुझ्यापेक्षा माझं रसम बरं होतं.

कुणी विचारलं नव्हतं एवढं. पण ते सांगत राहिले. तू गेल्यापासून तुझ्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज दर वेळी एका जागी अडकायचा. त्या दिवशी तो कुठेच अडकला नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. चाळीस वर्षं मी ज्या माणसाबरोबर संसार केला, त्यानं माझ्यासमोर बोललेलं हे पहिलं खोटं. आणि ते बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता.

घर ठरलं.

काल ते राहायला आले. आम्ही आधी जाऊन, रंग देताना उतरवून कपाटात ठेवलेला तुझा फोटो बाहेर काढला, चंदनाच्या हारासकट माझ्या जुन्या साडीत गुंडाळून पिशवीत ठेवला. दिवाणखान्याच्या भिंतीत त्याचा खिळा तसाच होता. तिथे त्यांनी कॅलेंडर लावलं. त्या मुलीनं दारात तांदळाच्या पिठाचं कोलम काढलं होतं, वाकवत नव्हतं तरी. सासूनं शुभ म्हणून शेगडीवर दूध उतू जाऊ दिलं आणि पहिला पेला मला दिला. म्हणाली, हे राशीचं घर आहे, लाभणारं, इथून तुमचा मुलगा परदेशी गेला. तसंच आमच्या बाळाचं होऊ दे.

तसंच होऊ दे, म्हणाली. माझ्या हातात दुधाचा पेला होता. मी काय करायला हवं होतं, सांग ना? मी सगळं दूध प्यायले. मनात म्हणत होते, नको, तसं नको होऊ देऊ, त्या बाळाचं माझ्या मुलासारखं काही काही नको होऊ देऊ. पण तोंडानं म्हटलं, होईल, चांगलं होईल.

पाळणा पूर्वेच्या खोलीत लावणार आहेत. ऊन चांगलं येतं म्हणून.

परतीच्या बसमध्ये पिशवी अप्पांच्या मांडीवर होती. शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसले होते, बोलके. कुठले, काय, मुलं किती, असं विचारत होते. त्यांना आमचं घर भाड्यानं घ्यायचं नव्हतं. ते दोन थांब्यांनंतर उतरून जाणार होते. त्यांना खरं सांगायला काय हरकत होती? अप्पा म्हणाले, “एकच मुलगा. कॅनडात असतो.” आणि तुझा फोटो असलेली पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी जवळ ओढून धरली.

तेव्हा मी घाबरले, मुकुंदा. खोटं बोलताना नव्हते घाबरले तेवढी तेव्हा घाबरले.

घरी आल्यावर त्यांनी फोटो बाहेर काढला, चंदनाचा हार उतरवला आणि फोटो नुसताच भिंतीला टांगला. मी म्हटलं, हार? ते म्हणाले, त्या बाई म्हणाल्यात ना, बाळ झालं की घेऊन येतो तुमच्याकडे दाखवायला. हार बघितला तर? मी समईतली वात लावायला गेले तर नको म्हणाले. जिवंत माणसाच्या फोटोसमोर दिवा कोण लावतं?

पुढच्या महिन्यात तुझी तिथी आहे. ह्या वर्षी ती इथे करायची नाही, असं म्हणतात. आपल्या गुरुजींना सांगायचं नाही, गुरुजी चार घरी बोलतात. पापनाशमला जाऊ, म्हणाले, नदीवर कुणीतरी मिळेल, तिथे आपल्याला कोण ओळखतं? चोरासारखं जाऊन तुला पिंड द्यायचा आणि चोरासारखं परत यायचं. घरी येताना कुणी विचारलं तर लग्नाला गेलो होतो म्हणायचं. हेही त्यांनी ठरवून ठेवलं आहे.

पाहिलंस, कुठे येऊन पोचलो ते? घर वाचवायला गेले आणि तुझं श्राद्धसुद्धा लपवायची पाळी आली. तुझ्यासाठी मोठ्यानं रडायच्या जागा ह्या जगात दोनच होत्या. एक तुझी खोली, ती दुसऱ्यांची झाली. दुसरी म्हणजे अप्पांच्या शेजारी. आता तिथे बसून रडले तर ते माझ्याकडे अशा नजरेनं बघतील, की अगं, काय झालं? तो चांगला आहे की तिकडे.

सकाळी रेशनला निघताना पायरीवर थांबून त्यांनी विचारलं, आज वार कोणता? मी शनिवार म्हटलं. “मग उद्या रविवार,” एवढंच म्हणाले आणि गेले. उद्या काय, ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

त्यांना खरं सांगावं, तर ते त्यांना माहीतच आहे. त्यांनीच तुझे डोळे मिटले. माहीत असलेल्या माणसाला पुन्हा काय सांगायचं असतं? आणि त्या मुलीला सांगावं, तर ती ह्या दिवसांत जीव मुठीत धरून कुठे दुसरं घर शोधत फिरणार?

फाटक वाजलं. आले वाटतं. लवकर लिहिते.

मुकुंदा, तुला एक वचन देते. ते बाळ नीट होऊ दे, त्या मुलीला उठायबसायची ताकद येऊ दे. मग मी एकटी तंजावरला जाईन आणि तिच्या सासूसमोर बसून सगळं सांगीन. ते घर सोडून जातील, जाऊ देत. पुन्हा कुलूप लागेल, पुन्हा ओल येईल, सेल्वमही कंटाळून यायचा बंद होईल. तरी सांगीन. तिथून घरी येऊन अप्पांच्या देखत तुझ्या फोटोला हार घालीन. ते माझ्यावर रागावतील, कदाचित तू गेलास त्या दिवशी रडले नाहीत तसे रडतील. मी त्यांच्याजवळ बसून राहीन. आम्ही तुझ्याकडून तुझं मरण काढून घेतलं आहे, बाळा. तेवढं एकच तुझं म्हणून उरलं होतं. ते तुला परत देईन.

तुझी,
आई